टर्बोचं नंतर बघू, आधी पट्टा बघा

पत्र : मी साताऱ्याचा, वय २९. दीड वर्षापूर्वी २०१६ची फियाट अबार्थ पुंटो सेकंड हँड घेतली. मी तिसरा मालक. मीटरवर ७६ हजार किलोमीटर आहेत, सर्व्हिसची बिलं ४१ हजार किलोमीटरपर्यंतचीच मिळाली. गाडी मस्त होती, पण तीन महिन्यांपासून पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो की तिसऱ्या गिअरात अचानक दम जातो आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बाजूला घेऊन बंद-चालू केली की थोडा वेळ ठीक चालते. सकाळी कधीकधी निळसर धूर दिसतो. एक गॅरेजवाला म्हणतो, टर्बो गेला, ८५ हजार तयार ठेव. दुसरा म्हणतो, इंजिन आतून काजळलंय, डीकार्ब कर आणि सोबत रिमॅप मारून घे, गाडी उडेल. बाबा म्हणतात, विकून टाक. काय करू? – घाटवेडा, सातारा

अहो घाटवेडे, तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, इथे कापून छापलंय. त्या चार पानांत इंजिनात दाबाने हवा कोंबणारा टर्बो आहे, धूर आहे, इंजिनच्या कॉम्प्युटरचं गणित बदलून ताकद वाढवणारा रिमॅप आहे, दिवाळीला बसवायचा सायलेन्सरसुद्धा आहे. टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याबद्दल, मात्र एक ओळ नाही. बिलं ४१ हजारांवर थांबलीत आणि गाडी २०१६ची, म्हणजे कारखान्यातून निघताना घातलेला पट्टाच अजून फिरत असण्याची शक्यता दाट आहे. तेव्हा तुम्ही जे विचारलं नाहीत तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या गाडीतलं १.४ टी-जेट म्हणजे १३६८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन. टायमिंग रबरी पट्ट्यावर चालतं आणि पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात. पट्टा तुटला किंवा दात घसरले तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, नशीब फुटकं असेल तर पिस्टनही जातो. टर्बो गेला तर गाडी रडतखडत घरी येते. पट्टा गेला तर ती टो होऊन येते, आणि मग बाबांचं म्हणणं आपोआप खरं ठरतं.

फियाटच्या युरोपातल्या मॅन्युअलांत दंडक स्पष्ट आहे : किलोमीटर कितीही होवोत, पाच वर्षांत पट्टा बदलायचा, आणि वापर खडतर असेल तर चार. आपला उन्हाळा, धूळ आणि पुण्याचा ट्रॅफिक म्हणजे खडतरच. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून मेकॅनिक टॉर्च मारेल आणि म्हणेल, 'पट्टा एकदम नवा दिसतोय.' त्यावर जाऊ नका. रबर वयाने आतून कडक होतं, चिरा दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप तिन्ही एकदम बदला. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो, तो उद्या गळायला लागला तर सगळी खोलाखोल पुन्हा आणि मजुरीही पुन्हा.

काम कुणाला द्यायचं हे ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) लॉक करायचं टूल आहे का? या इंजिनात दोन्ही कॅम ठरलेल्या जागी पिनांनी पकडून, पहिल्या सिलेंडरचा पिस्टन टूलने जागेवर आणून मगच पट्टा चढवायचा असतो. आपल्याकडे बरेच जण जुन्या पट्ट्यावर आणि पुलीवर व्हाइटनरने खुणा करतात, त्या नव्यावर उतरवतात आणि 'जमतंय' म्हणतात. एखाद्या दाताचा फरक पडला तरी गाडी चालू होते, आयडलही धरते (उभ्या जागी मंद चालत राहते), पण खालचा पिकअप मेलेला. मग मालक टर्बोला शिव्या घालत फिरतो. टूल नसलेल्या माणसाने तुमच्या गाडीचं ते कव्हर उघडूच नये असं माझं मत आहे, तो कितीही जुना आणि कितीही ओळखीचा असो.

आता खंबाटकी. पुण्याकडून साताऱ्याला येताना आपण घाट चढतो, जाताना बोगद्यातून जातो. म्हणून त्रास येतानाच होतो. तिसरा गिअर, पूर्ण पॅडल आणि लांब चढ, म्हणजे टर्बोला सगळ्यात जास्त दाब तिथेच द्यावा लागतो. हवा कुठे गळत असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला मागितलेला दाब मिळत नाही. तो ठरावीक वेळ वाट बघतो, मग दिवा लावतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, बंद करून टाकतो. बंद-चालू केल्यावर पुन्हा संधी देतो. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच आहे, आणि यातलं काहीही 'टर्बो गेला' याचा पुरावा नाही.

ऑनलाइन हजार रुपयांच्या आत ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा, ब्लूटूथ डोंगल मिळतो, तो घ्या. दिवा लागला की कोड वाचा, पुसू नका, फोटो काढा. पी ०२९९ निघाला तर दाब कमी पडतोय. पी ०२३४ निघाला तर उलट, दाब प्रमाणाबाहेर जातोय, म्हणजे वेस्टगेट (टर्बोला नको असलेला धूर बाजूने सोडणारं दार) किंवा त्याला हुकूम देणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, बघायला हवा. पी ०३०० ते पी ०३०४ यातलं काही निघालं तर मिसफायर, म्हणजे सिलेंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. तेव्हा दिवा आधी मिचमिचतो आणि गाडी धक्के देते. ठिणगी पाडणाऱ्या प्रत्येक प्लगवर त्याला वीज देणारी वेगळी कॉइल आहे, संशय आला तर दोन कॉइलींची अदलाबदल करा. दोन नंबरचा कोड तीन नंबरवर गेला तर चोर सापडला. बूस्टमध्ये सिलेंडरात हवा दाटलेली असते, अशा वेळी ठिणगी उडवणं जड जातं. म्हणून गावात गुळगुळीत चालणारी गाडी घाटात अडखळते आणि दोष फक्त झिजलेल्या प्लगचा असतो.

त्याच डोंगलवर इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब दिसतो, किलोपास्कलमध्ये. चावी ऑन, इंजिन बंद असताना साताऱ्यात तो नव्वदीच्या जरा पुढे दिसायला हवा. मुंबईत तोच शंभर-एकशेएक दिसेल, उंचीचा फरक. गाडी चालू करून आयडलला ठेवली की तो तीस-चाळीसच्या घरात उतरतो. आणि घाटात तिसऱ्यात पूर्ण दाबल्यावर तो दीडशेच्या बराच पुढे जायला हवा. शेजारी बसलेल्या मित्राला फोन धरायला लावा. स्वतः बघत बघत घाट चढू नका, खंबाटकीची वळणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

दाब चढत नसेल तर गळती शोधायची. इथे नेहमी एक चूक होते. मेकॅनिक गाडी आयडलला ठेवतो, पाइपांवर साबणाचं पाणी मारतो, बुडबुडे येत नाहीत, म्हणून पाइप पास. अहो, आयडलला त्या पाइपात दाबच नसतो, बुडबुडे येतील कुठून? स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या, किंवा इनटेकचं तोंड बंद करून बाहेरून १० ते १५ पीएसआय हवा भरा आणि मग साबणाचं पाणी मारा. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून पॅडलनुसार हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटलपर्यंतचा प्रत्येक रबरी होज हाताने दाबून, वाकवून बघा. फाटलेल्या जागी तेलकट धुळीचा काळा ओघळ असतो. तो खालच्या बाजूला असतो, म्हणून गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही.

हे मला कसं माहीत? पैसे मोजून. माझ्या फियाट लिनिया टी-जेटला हाच आजार झाला होता. गॅरेजने टर्बो बदलायला लावला, मी बदलला, आणि आठव्या दिवशी कात्रज चढताना तोच दिवा पुन्हा लागला. शेवटी इंटरकूलरच्या खालच्या होजला, बरोबर क्लिपखाली, बोटाच्या पेराएवढी चीर सापडली. थंड असताना ती मिटलेली दिसायची, तापून दाब आला की उघडायची. जुना टर्बो मी डिकीत घालून घरी आणला होता. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, आजही बोटाने फिरवला की सुरेख फिरतो. पेपरवेट म्हणून फार महाग पडला.

होज ठीक निघाले तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पॅडल सोडल्यावर दाटलेली हवा वळवणारा) उघडा. आत रबराचा पातळ पडदा असतो, आठ-दहा वर्षांत तो फाटतो आणि भरलेली हवा आल्या वाटेने परत जाते. या सगळ्यातून काही निघालं नाही, तरच टर्बोपर्यंत या. हवेच्या बाजूचा पाइप काढा, गाडी थंड असताना शाफ्ट बोटात धरा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, थोडी हालचाल असणारच. आत-बाहेर हलता कामा नये आणि पात्यांची टोकं भिंतीला घासलेली नकोत. पाइपात तेलाचा हलका थर दिसला की 'बघा, टर्बोने तेल सोडलंय' असं सांगितलं जातं. इंजिनची आतली वाफ त्याच वाटेने जात असल्यामुळे एवढं तेल तिथे असतंच. ओघळून साठलेलं असेल तर वेगळं.

निळ्या धुराबाबत तुम्ही 'सकाळी कधीकधी' एवढंच लिहिलंय, तो नेमका कधी येतो यावर सगळं आहे. रात्रभर उभी राहून पहिल्या स्टार्टला एक भपकारा येऊन संपत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेत. बराच वेळ आयडलला उभी ठेवून मग पॅडल दिल्यावर येत असेल तर टर्बोच्या सीलवर संशय घ्यायला जागा आहे. घाट उतरताना, पाय काढून गिअरात गाडी सोडली आणि पुन्हा पॅडल दिल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा. तुमचा पहिला प्रकार वाटतो, आणि त्यासाठी आज हेड उघडायची गरज नाही. हजार किलोमीटरला तेल किती खाते ते मोजा. सपाट जागा, थंड इंजिन, डिपस्टिकचा फोटो. हजारला पाव लिटरच्या आत असेल तर डिकीत एक लिटर तेल ठेवा आणि निवांत राहा.

डीकार्ब नको. ही गोष्ट दुसऱ्या गॅरेजवाल्याने फोक्सवॅगनच्या कुठल्या तरी टीएसआय इंजिनावरून उचललेली दिसते. पोलो जीटी टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरात फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचे थर चढतात. तुमच्या टी-जेटमध्ये इंजेक्टर मॅनिफोल्डच्या तोंडाशी आहेत, पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच आत जातं, ते रोज धुतले जातात. ज्या आजाराचं औषध तो विकतोय, तो आजार या इंजिनाला फारसा होतच नाही. थ्रॉटल बॉडी मात्र साफ करून घ्या, ती काळी होते.

आता तेल, कारण टर्बो खरोखर मरतो तो बहुतेकदा तेलाने. तो शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, एका बाजूला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला धूर आणि मध्ये आधाराला फक्त तेलाचा पडदा. तुम्ही यवतेश्वर दणकून चढता, वर पोचताच गाडी बंद करता आणि खाली दिसणाऱ्या गावाचे फोटो काढता (काढताच, पत्रासोबत पाठवलेत). त्या क्षणी तेलाचा पंप थांबतो, पण तापलेलं लोखंड तापलेलंच असतं. अडकलेलं तेल तिथेच करपतं, तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखं. असं शंभरदा झालं की तेलाची वाट बारीक होते. या टर्बोतून कूलंटही फिरतं म्हणून लगेच काही होत नाही, पण शेवटचे दोन किलोमीटर सावकाश या, किंवा वर आल्यावर दोन मिनिटं आयडलला ठेवा. गावात भाजी आणायला गेलात तर दोन मिनिटांचा तो विधी करायची गरज नाही. सकाळीही तसंच : काटा मधोमध आला म्हणजे कूलंट तापलं, तेल अजून तापायचंय. आणखी पाच-सहा मिनिटं बूस्ट मागू नका.

तेलाचा ग्रेड मॅन्युअलात दिलेलाच, पूर्ण सिंथेटिक. टी-जेटला ५डब्ल्यू-४० चालतं. बदलायचं साडेसात हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. मागच्या मालकांनी काय घातलं होतं कुणास ठाऊक, म्हणून आत्ता एकदा बदला आणि पुढचा बदल पाच हजार किलोमीटरलाच करा. उतरलेलं तेल कसं आहे, फिल्टर कापल्यावर आत चकाकणारे कण आहेत का, हे स्वतः उभं राहून बघा. आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, नाहीतर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी तेलाने भरून परत बाजारात येतो.

कूलंटवर एकच सांगतो : बोअरचं पाणी घालू नका, रंग बघून मिसळू नका. वॉटर पंप बदलताना सगळं काढून एकाच प्रकारचं नवं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ही गाडी घेणारा प्रत्येक जण विचारतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि तुमची गाडी त्या काळातली नाही. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, टर्बोच्या इंजिनाला ते सोसतं, उलट बरंच वाटतं. दोन गोष्टी मात्र होतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. आणि जुने रबरी होज, सील, गॅस्केट लवकर थकतात. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितलंय. पेट्रोलचे रबरी पाइप आणि त्यांचे जोड दर सर्व्हिसला बघायला सांगा, आणि पेट्रोलचा वास आला तर 'येतो कधीकधी' म्हणून सोडू नका. तापलेल्या टर्बोशेजारी गळकं पेट्रोल म्हणजे आग. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल ओल ओढतं.

रिमॅप नको. निदान आत्ता नको. कंपनीने या गाडीला १४५ घोडे आणि २१२ न्यूटन मीटर दिले, २०१५च्या ऑक्टोबरात दहा लाखांच्या आत. तेव्हा त्या पैशांत एवढी ताकद दुसरी कुणी देत नव्हतं आणि तुम्ही तिच्यावर भाळलात ते यासाठीच. सध्या तुम्हाला त्यातले घाटात किती मिळतायत हेच ठाऊक नाही. नऊ-दहा वर्षांच्या होजांवर, कॉइलींवर आणि क्लचवर आणखी दाब टाकला तर जे आज फाटलंय त्याच्या शेजारचं उद्या फाटेल. शिवाय बदल विमा कंपनीला न कळवता केला तर दाव्याच्या वेळी तोंडावर पडाल.

राहिले सुटे भाग आणि बाबा. फियाटचं १.३ डिझेल स्विफ्टपासून कितीतरी गाड्यांत होतं, त्याचे भाग अजून गल्लोगल्ली आहेत. टी-जेट इथे बनलेल्या मोजक्याच गाड्यांत आलं : लिनिया, तुमची पुंटो, अवेंच्युरा अबार्थ आणि अर्बन क्रॉस. रांजणगावला बनलेल्या गाडीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह कधीकधी इंग्लंडहून मागवावा लागतो, याला हसावं की रडावं कळत नाही. पण युरोपात हेच इंजिन अबार्थ ५०० आणि अल्फा रोमिओ मिटोमध्ये भरपूर खपलं, त्यामुळे भाग मिळतात, फक्त वाट बघावी लागते. नंबर जुळवून मागवा. जीपच्या १.४ मल्टिएअरचा भाग 'सेमच आहे' म्हणून कुणी दिला तर घेऊ नका, त्याचं हेड वेगळं आहे. पट्ट्याचं किट, एक कॉइल, चार प्लग आणि डायव्हर्टरचा पडदा घरात आणून ठेवा. भाग नाही म्हणून दोन महिने गॅरेजात उभी राहिलेली गाडी गंजते, आणि तिच्यातून इतर भाग नाहीसे होतात ते वेगळंच.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ही गाडी रोज ऑफिसला न्यायची आणि घरातली एकुलती एक असेल तर त्यांचंच ऐका. दुसरं वाहन दारात असेल आणि वर्षाला पट्टा-होज-तेल एवढा खर्च हसत काढता येत असेल तर ठेवा. पण विकायची ठरली तरी दिवा लागलेला असताना विकू नका. डीलर त्याच ८५ हजारांचा आकडा तुमच्या किमतीतून वजा करेल, आणि नंतर स्वतः शंभर रुपयांची क्लिप बदलून दुसऱ्याला विकेल.

डोंगल आला की कोडचा फोटो पाठवा, पुढचं त्यावर बोलू. पट्टा बदलून होईपर्यंत यवतेश्वरला बाबांची अ‍ॅक्टिव्हा घेऊन जा.